स्टील खरंच थंड असतं का? थर्मल कॅमेरा जेव्हा वर्गात येतो

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना होणारी पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन कानात आहेत ना? मग आधी एक छोटंसं काम करा. आत्ता जिथे बसलात तिथे जवळपास एखादी लाकडी वस्तू असेल. टेबल, दार, पोळपाट, काहीही. आणि एखादी स्टीलची वस्तू शोधा. ताट चालेल, डबा चालेल. एक हात लाकडावर ठेवा, दुसरा स्टीलवर. जास्त थंड काय लागतंय?

स्टील, बरोबर? आता मला सांगा, दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत होत्या. कुणी डबा फ्रिजमध्ये ठेवला नव्हता. मग दोघांचं तापमान वेगळं कसं झालं?

उत्तर असं की, ते वेगळं झालेलंच नाही. थर्मामीटर लावला तर दोन्हीकडे सारखाच आकडा येईल. पण हात काही ते मान्य करत नाही. शाळेत आपण सुवाहक आणि दुर्वाहक हे शब्द पाठ केले, परीक्षेत तक्ता काढला, मार्क मिळवले. तरी डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं की धातू मुळातच थंड असतो आणि स्वेटर मुळातच गरम. आजचा भाग याच गैरसमजाबद्दल आहे, आणि तो काढायला शाळेत वापरता येणाऱ्या एका यंत्राबद्दल: थर्मल कॅमेरा.

हा कॅमेरा बघतो तरी काय?

गोष्ट सुरू होते १८०० साली, इंग्लंडमध्ये. विल्यम हर्शेल हे नाव ऐकलं असेल. १७८१ मध्ये युरेनस शोधणारे तेच. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून बघितलं. मग तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथेही एक ठेवला. तिथला पारा तांबड्यातल्यापेक्षाही वर चढला! म्हणजे तिथे काहीतरी पोचत होतं, फक्त आपल्याला दिसत नव्हतं. त्यालाच आज आपण अवरक्त किरण म्हणतो.

आता गंमत ही की हे किरण फक्त सूर्यच सोडतो असं नाही. तुम्ही, तुमचा फोन, समोरची भिंत, अगदी बर्फाचा खडासुद्धा सतत असे किरण सोडत असतो. वस्तू जितकी गरम, तितके ते जास्त. माणसाच्या अंगातून निघणारे किरण सर्वात जोरात असतात ते साधारण ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीला. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. म्हणजे जवळपास वीसपट फरक. डोळ्याचा तिथे काही इलाजच नाही.

थर्मल कॅमेऱ्यात या किरणांसाठी बारीक चौकटींची एक जाळी असते. प्रत्येक चौकट किरण पडले की अगदी किंचित तापते, तापली की तिचा विद्युत रोध बदलतो, आणि तो बदल मोजून कॅमेरा त्या चौकटीला एक आकडा देतो. मग आकड्यांना रंग लावतो: गार तिथे निळा, गरम तिथे पिवळा किंवा पांढरा. हे रंग खरे नसतात बरं का. नकाशात डोंगर तपकिरी आणि समुद्र निळा दाखवतात, तसाच हा एक संकेत.

कोविडच्या काळात दुकानाच्या दारात कपाळावर रोखायची ती 'गन' आठवते? तीही याच तत्त्वावर चालते. ती म्हणजे जणू एकाच ठिपक्याचा थर्मल कॅमेरा. १६० गुणिले १२० चौकटींचा छोटा कॅमेरा घेतला, तर १९,२०० गन एकाच वेळी रोखल्यासारखं झालं.

पूर्वी हे यंत्र लष्कर, मोठे कारखाने, संशोधन संस्था यांच्याकडेच असायचं. २०१४ मध्ये फोनला जोडता येणारे कॅमेरे बाजारात आले. फ्लिअर वन त्यातला एक, तेव्हाची किंमत ३४९ डॉलर. स्वस्त नाहीच, पण एखाद्या शाळेने किंवा चार शाळांनी मिळून घ्यायचा विचार तरी करता यावा, इतपत तो खाली आला.

'थर्मल कॅमेरा ॲप' डाउनलोड केलं तर?

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नाही चालत. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याला थोडे अवरक्त किरण दिसतात, हे खरं आहे. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, टोकाशी जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. पण रिमोटचे किरण एक मायक्रॉनच्याही आतले. अंगातून निघणारे त्याच्या दहापट लांब. फोनचा सेन्सर त्यांना प्रतिसादच देत नाही, आणि पुढचं भिंग तर त्यांना आतही येऊ देत नाही. खऱ्या थर्मल कॅमेऱ्याचं भिंग बहुतेक वेळा जर्मेनियमचं असतं, ते यासाठीच. तेव्हा नुसत्या ॲपमध्ये जे दिसतं ते साध्या फोटोला चढवलेले रंग. उजेड जास्त तिथे तांबडं, कमी तिथे निळं. त्याचा तापमानाशी काही संबंध नाही. मित्रांना गंमत दाखवायला ठीक, विज्ञानाच्या तासाला मात्र नको.

वर्गात काय काय करता येतं

माझ्या एका मैत्रिणीचं काम इलेक्ट्रिक पॅनेल तपासण्याचं आहे. सैल झालेलं कनेक्शन तापतं आणि कॅमेऱ्यात लगेच उठून दिसतं, म्हणून तिच्याकडे हा कॅमेरा असतो. तो उसना घेऊन मी एका शाळेत सातवीच्या मुलांकडे गेले होते. पहिली पाच मिनिटं नुसता कल्ला. कुणाचं नाक निळं, कुणाचे कान पिवळे, चष्मेवाल्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. ती पाच मिनिटं द्यावीच लागतात, त्याशिवाय पुढे कुणी ऐकत नाही.

आणि त्या चष्म्यापासूनच सुरुवात करता येते. काचेतून आपल्याला आरपार दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही. उलट कचऱ्याची पातळ काळी प्लास्टिकची पिशवी तोंडासमोर धरा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कॅमेऱ्यात पिशवीमागचा चेहरा स्वच्छ दिसतो! 'पारदर्शक' हा शब्द कुठल्या किरणांसाठी, हे विचारावं लागतं, एवढं मुलांना दोन मिनिटांत कळतं.

मग हाताचा ठसा. लाकडी बाकावर पंजा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. कॅमेऱ्यात पंजा तसाच उमटलेला दिसतो, चांगला मिनिटभर. तुम्ही दिलेली उष्णता तिथेच पडून आहे.

मग घर्षण. खोडरबर बाकावर जोरात घासा, बाकावर उजळ पट्टा उमटतो. चेंडू जमिनीवर आपटा, आपटला तिथे क्षणभर ठिपका दिसतो. 'ऊर्जा नष्ट होत नाही, तिचं रूपांतर होतं' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. चेंडू दर टप्प्याला कमी का उसळतो, ती ऊर्जा गेली कुठे, याचा पुरावा मात्र कुणी दाखवलेला नसतो. तो ठिपका म्हणजे तो पुरावा. त्या ऊर्जेचा सगळा नाही, पण एक हिस्सा तिथे दिसतोय.

आणि माठ! पाण्याने भरलेला माठ कॅमेऱ्यात आजूबाजूच्या सगळ्यापेक्षा गार दिसतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल उष्णता लागते, आणि ती माठाकडून आणि आतल्या पाण्याकडूनच घेतली जाते. हातावर सॅनिटायझरचा थेंब चोळला की तिथे गडद निळा डाग दिसतो, त्याचं कारणही तेच.

आता याच्या उलटा प्रयोग, माझा सगळ्यात आवडता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्कॉर्ड कन्सॉर्शियम नावाची शिक्षणाची संस्था आहे. तिथे काम करताना चार्ल्स झी यांनी २०११ च्या सुमारास थर्मल कॅमेऱ्याचे शाळेत करता येतील असे बरेच प्रयोग मांडले. त्यातला हा एक. पेल्यात पाणी भरून काही तास खोलीतच ठेवा, म्हणजे ते खोलीइतकंच, किंबहुना बाष्पीभवनामुळे जरा गारच होईल. आता त्यावर एक कोरा कागद झाकणासारखा ठेवा. पाण्याला टेकू द्यायचा नाही. काय होईल? सगळे म्हणतात, कागद गार पडेल. होतं उलटं! पेल्यावरचा कागदाचा भाग काही सेकंदांत चक्क गरम दिसायला लागतो. पाण्याची वाफ वर येऊन कागदाच्या खालच्या बाजूला धरली जाते, आणि वाफ होताना घेतलेली उष्णता तिथे परत देते. माठाने खर्च केलेली उष्णता कागदाच्या खात्यात जमा होताना दिसते म्हणा ना.

पण नुसतं बघून कळतं का?

इथे जरा थांबूया, कारण हा या भागाचा गाभा आहे. एवढे सुंदर रंग बघितल्यावर मुलांना उष्णता 'कळली' असं आपल्याला वाटायला लागतं. स्वीडनमधल्या लिंकशॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं.

२०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या एका अभ्यासात बारा-तेरा वर्षांची आठ मुलं होती, सातवीतली. त्यांना धातूच्या, लाकडाच्या वस्तू हाताळायला दिल्या. आधी अंदाज करायचा, मग कॅमेऱ्यातून बघायचं, मग कारण सांगायचं. अंदाज अपेक्षेप्रमाणे: धातू थंड. कॅमेऱ्यात दिसलं भलतंच. मुलं गोंधळली, चक्रावली, पण त्यातून बाहेर पडायला त्यांच्याकडे काही नव्हतं. उष्णता आपल्या हातातून वस्तूकडे वाहते, ही कल्पनाच हाताशी नव्हती. म्हणून कॅमेऱ्याने प्रश्न उभा केला आणि तो तसाच उभा राहिला.

त्याच गटाचा पुढचा एक अभ्यास चौथीतल्या पाच मुलांचा. यांना मात्र कॅमेऱ्यासोबत उष्णतेच्या प्रवाहाची कल्पनाही शिकवली होती: उष्णता नेहमी गरमकडून गारकडे जाते. काम साधं. चिनी मातीच्या मगात आणि पातळ प्लास्टिकच्या कपात गरम पाणी ओतायचं आणि बघायचं. मुलं ठरलेल्या प्रयोगावर थांबलीच नाहीत. 'पाण्यावर फुंकर मारली तर?' 'पेन्सिल बुडवली तर?' असं एकेक काढत गेली आणि लगेच कॅमेरा रोखून उत्तर बघत गेली. आणि त्यांची स्पष्टीकरणं बरीचशी त्या प्रवाहाच्या कल्पनेला धरून होती.

आठ मुलं आणि पाच मुलं, म्हणजे गट अगदी लहान. त्यावरून जगाचा नियम काढायचा नसतो. पण वर्गात शिकवणाऱ्याला ही खूण पटेल. चौथीतल्यांना जमलं ते त्यांच्याकडे कॅमेरा आणि कल्पना दोन्ही होतं म्हणून.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे या. तुमचा हात साधारण ३२-३३ अंशांचा, खोली समजा २५ ची. उष्णता हातातून वस्तूकडे वाहणार. स्टेनलेस स्टीलमधून ती लाकडापेक्षा साधारण शंभरपट सहज पसरते. म्हणून स्टील तुमच्या हातातून भराभर उष्णता ओढतं आणि हात गार पडतो. लाकडात ती हाताखालीच अडकते, लाकडाचा तो भाग लगेच हाताइतका होतो आणि ओढ थांबते. तुमच्या त्वचेला वस्तूचं तापमान थेट कळत नाही. आपली उष्णता किती वेगाने चाललीय, हे तिला कळतं.

पटत नसेल तर मे महिन्यात चंद्रपूरच्या किंवा अकोल्याच्या नातेवाइकांना फोन करा. घरातलीच हवा ४० च्या वर गेली की दुपारी लाकूड सोसवतं आणि सावलीतलं स्टीलसुद्धा गरम लागतं. प्रवाह उलटा फिरला ना! धातू मुळातच थंड असता तर तो तेव्हाही थंडच लागला असता.

कॅमेरा फसवतो तेव्हा

शिक्षक ऐकत असतील तर हा भाग खास तुमच्यासाठी. तीन गोष्टी.

पहिली, रंगांची पट्टी. बहुतेक कॅमेरे समोरच्या दृश्यातली सर्वात गार आणि सर्वात गरम वस्तू बघून रंग आपोआप वाटतात. त्यामुळे तोच बाक एका चित्रात निळा आणि दुसऱ्या चित्रात पिवळा दिसू शकतो. 'लाल म्हणजे गरम' असं मुलांनी धरलं की संपलं. रंगाआधी बाजूचे आकडे वाचायला शिकवा, आणि सोय असेल तर पट्टी एका जागी कुलूपबंद करा.

दुसरी, कॅमेरा फक्त पृष्ठभाग बघतो. भिंतीपलीकडचा माणूस वगैरे सिनेमात. हवेचं तापमानही तो दाखवत नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो आणि समोरचे परावर्तित करतो. स्टीलच्या ताटासमोर उभे राहिलात तर कॅमेऱ्याला ताटात तुमचंच गरम प्रतिबिंब दिसतं! लोक म्हणतात, बघा, ताट तापलंय. यावर उपाय दहा रुपयांचा. इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी टेप ताटावर चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवरचा आकडा वाचा. टेप ताटाच्याच तापमानाला येते, पण किरण मात्र व्यवस्थित सोडते.

डोक्यावरचा पत्रा

हे सगळं मी एवढं तपशिलात का सांगतेय? कारण आपल्याकडे कितीतरी वर्ग आणि कितीतरी घरं पत्र्याखाली आहेत. मार्चपासून दुपारी तिथे बसणं म्हणजे शिक्षाच. मुलांना उष्णता शिकवायची असेल तर याहून जवळचा विषय कुठला?

मी गेले त्या वर्गालाही पत्राच होता. नव्या पत्र्याचे दोन तुकडे आणले, एकाला वरून दोनदा चुना मारला, दुसरा तसाच ठेवला, दोन्ही उन्हात विटांवर ठेवले. मुलांनी अंदाज लिहिले: चुन्याचा गार राहील. तासाभराने वरून कॅमेरा रोखला तर कोरा पत्रा गार दिसतोय आणि चुन्याचा जास्त गरम!

वर्गात एकदम शांतता. एक मुलगा म्हणाला, "ताई, मग आमच्या घरावर बाबांनी चुना मारला तो फुकटच गेला का?"

हा प्रश्न तसाच सोडून तास संपला असता तर मुलं चूक शिकून घरी गेली असती, तीही डोळ्यांनी बघून शिकलेली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ताटाची आठवण काढली. "त्याला टेप लावूया ना." दोन्हीला टेपचे तुकडे लावले, थांबलो, पुन्हा बघितलं. कोऱ्या पत्र्यावरची टेप चुन्याच्या पत्र्यावरच्या टेपपेक्षा स्पष्ट जास्त गरम होती. मग हाताने खात्री केली. कोऱ्या पत्र्यावर बोट टेकवत नव्हतं.

झालं काय होतं? कोरा चकचकीत पत्रा वरच्या निरभ्र आकाशाचं प्रतिबिंब दाखवत होता. कोरडं निरभ्र आकाश थर्मल कॅमेऱ्याला फार गार दिसतं, हवेपेक्षा कितीतरी. म्हणून पत्रा गार वाटला. चुना मात्र उन्हातला बराच प्रकाश परत पाठवतो, आणि जी थोडी उष्णता घेतो ती अवरक्त किरणांच्या रूपाने भरपूर बाहेरही टाकतो. म्हणून तो खरोखर कमी तापतो. तेव्हा बाबांचा चुना वाया गेला नव्हता. त्या मुलाने टेपचं उरलेलं रीळ मागून घेतलं आणि खिशात टाकलं.

(तुम्ही करून बघणार असाल तर कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नका, सेन्सर खराब होऊ शकतो. आणि पत्र्याला हात लावण्याआधी पाण्याचा थेंब टाकून बघा.)

कॅमेरा नसेल तर

बहुतेकांकडे नसणारच, म्हणून घरी जमेल असं एक. बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक वाटीत उघडा ठेवा, दुसरा लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून तशाच वाटीत. घरातल्या लहानांना विचारा, आधी कुठला वितळेल? बरेच जण स्वेटरवाला म्हणतील, कारण स्वेटर 'गरम' असतो. अर्ध्या तासाने उघडून दाखवा. मग त्यांना बर्फवाल्याची आठवण द्या. तो लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात का ठेवतो? स्वेटर आणि भुसा दोघंही उष्णतेची वाट अडवतात. आत माणूस असेल तर त्याची उष्णता आत राहते, आत बर्फ असेल तर बाहेरची बाहेर राहते.

क्रम मात्र मोडू नका: आधी अंदाज, तोही बोलून किंवा लिहून. मग बघणं. मग कारण. अंदाज न करता बघितलं की पोरं 'हो, मला माहीतच होतं' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

तर मंडळी, बर्फाचा प्रयोग करा आणि कुणाचा अंदाज काय होता ते मला कळवा. चुकलेले अंदाज आधी पाठवा, त्यातच जास्त मजा असते. पुढच्या भागात भेटू, तोपर्यंत माठातलं पाणी पीत राहा. काळजी घ्या!